रविवारचे दोन तास

मराठी भाषेने कुत्र्याला फारसे चांगले वागवलेले नाही. माणसाचे हाल झाले की 'कुत्रं हाल खाईना' म्हणायचे, आयुष्य ओढगस्तीत गेले तर ते 'कुत्र्याचे जिणे' आणि स्वभाव सुधारत नसेल तर वाकड्या शेपटाचा उद्धार ठरलेला. मात्र देवघरातल्या तसबिरीत दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात, आणि ते चार वेद आहेत असे समजून आपण हात जोडतो. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण मुलांना कौतुकाने सांगतो. धर्मराजाने तर कुत्र्याला मागे ठेवून स्वर्गात जायचे नाकारले. तसबिरीतले कुत्रे पूज्य आणि फाटकाशी आलेले 'हाड्‌!', ही आपली जुनीच रीत आहे.

या तसबिरीच्या आणि फाटकाच्या मधली एक जागा मी गेली सात वर्षे दर रविवारी सकाळी सात ते नऊ पाहते आहे. शहराबाहेरचे एक प्राणी-निवारा केंद्र. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. "कुत्र्यांचे लाड करायला जाता ना हो?" असे शेजारीपाजारी विचारतात. लाडांची पाळी सगळ्यात शेवटी येते. आधी खराटा, बादली आणि फिनेल. मग जेवणाची भांडी घासायची, कानात आणि बोटांच्या बेचक्यांत दडलेल्या गोचिडी चिमट्याने काढायच्या, कडू गोळी भाताच्या घासात लपवून द्यायची आणि ती खाल्ली की थुंकली हे वहीत लिहायचे. या कामाला येणाऱ्याने स्वतःला रेबीजची प्रतिबंधक लस आधीच टोचून घ्यायची असते. दयेचा उमाळा पहिल्या पिंजऱ्याच्या वासाबरोबर ओसरतो. त्यानंतर जे उरते, त्यावर केंद्र चालते.

इथे येणारी कुत्री दोन वाटांनी येतात. एक वाट रस्त्यावरची. गाडीखाली सापडून मागचे पाय गेलेली, खरजेने अंगावरचा केस न केस गळालेली, जखमेत किडे पडलेली. दुसरी वाट आपल्या घरांतून येते. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत छोटासा पग मुलाच्या मागे मागे फिरला आणि घरोघरी पग आले. पुढे बर्फाळ प्रदेशातले हस्की आपल्या उन्हाळ्यात येऊन धापा टाकू लागले. पिल्लू असताना ज्याचे फोटो काढले जातात, तेच मोठे झाले, आजारी पडले किंवा घर बदलायची वेळ आली की नकोसे होते.

असाच नऊ वर्षांचा एक लॅब्राडोर आमच्याकडे आला. कंबरेतून अधू. सोडायला आलेले गृहस्थ सभ्य होते, डोळ्यांत पाणीही होते. "मुलगा परदेशी गेला. त्याचीच हौस होती. आता आम्हा दोघांना झेपत नाही हो, ताई." मी त्यांना दोष देत नाही, वयाने माणसेही थकतात. पण ते गेल्यावर तो कुत्रा फाटकाकडे तोंड करून बसला, तो तीन दिवस अन्नाला शिवला नाही. पुढे कित्येक आठवडे गाडीचा आवाज झाला की त्याचे कान टवकारत.

निदान त्याला हातातून हातात तरी दिले होते. कित्येकांना रात्री फाटकाला बांधून लोक निघून जातात. पाळीव प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये! एवढ्या पैशांत आज धड चहा-वडाही येत नाही.

निवाऱ्यातल्या कुत्र्याला काय कमी असते? अन्न मिळते, औषध मिळते, डोक्यावर पत्रा असतो. त्याला नसते ते एक ओळखीचे माणूस. कुत्रा हा हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने राहिलेला प्राणी. चार भिंतींत, अनोळखी भुंकण्याच्या कल्लोळात तो भेदरतो. काही गुरगुरतात, काही कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसतात. अशा कुत्र्याकडे थेट डोळ्यांत पाहत जायचे नाही, वरून डोक्यावर हात ठेवायचा नाही. पिंजऱ्याशी आडवे तोंड करून जमिनीवर बसायचे आणि त्याने आपला वास घेईपर्यंत थांबायचे. मी सोबत वर्तमानपत्र नेते आणि रविवारची पुरवणी मोठ्याने वाचते. शब्दांशी त्याला देणेघेणे नसते. हा आवाज मारत नाही आणि दर आठवड्याला याच वेळी येतो, एवढे त्याला कळले तरी पुरे. कुणी दुसऱ्या रविवारी पुढे सरकते, कुणी दहाव्या.

म्हणूनच या कामात प्रेमापेक्षा नेमाला किंमत आहे. दिवाळीच्या सुट्टीत, वाढदिवसाच्या दिवशी पुष्कळ जण येतात. कुत्र्याला कुरवाळतात, फोटो काढतात, बिस्किटाचे पुडे देतात. मन मोठे असते, पण पुढच्या रविवारी ते माणूस नसते. ज्याला एकदा घरच्यांनी सोडले, त्याला आपण ओळख लावून पुन्हा सोडतो. आमचे कामगार मामा नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात, "बाळांनो, एकदाच यायचं असेल तर भांडी घासा. जीव लावायचा असेल तर वर्षभर या."

त्या लॅब्राडोरसाठी कॉलेजातली एक मुलगी वर्षभर येत राहिली. परीक्षेच्या रविवारीही अर्धा तास. त्याला शेवटपर्यंत घर मिळाले नाही. म्हातारा आणि अधू कुत्रा कोण नेणार? पण गाड्यांच्या आवाजाला कान टवकारणे त्याने सोडून दिले. तिच्या स्कूटरच्या आवाजाला मात्र तो दुखरी कंबर सावरत उठून उभा राहायचा.

हे सारे सांगायचे कारण आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने तो बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री आपापल्या जागी परत सोडावीत, पिसाळलेली आणि आक्रमक मात्र सोडू नयेत, असे सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा जागांतली कुत्री हलवून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश झाला. तेव्हापासून घरोघरी एकच सूर ऐकू येतो, "सगळ्यांना निवाऱ्यात टाका, प्रश्न मिटला."

हा सूर लावणाऱ्यांना निर्दय म्हणायची माझी तयारी नाही. ज्या आईच्या लेकराला कुत्रा चावला, तिला भूतदयेचे धडे देणे हा उद्धटपणा आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण बँकेतल्या बाईला हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे १२० कुत्री आणि चार कामगार. म्हणजे एकाकडे तीस. आठ तासांच्या पाळीत एका कुत्र्याच्या वाट्याला सोळा मिनिटे येतात, आणि त्यातच साफसफाई, जेवण, औषधपाणी. २०१९ च्या पशुगणनेत देशात भटकी कुत्री सुमारे दीड कोटी होती. याच हिशेबाने त्यांना पाच लाख कामगार लागतील! भिंती पैशाने बांधता येतील. ही माणसे कुठून आणणार? माणसांवाचून बांधलेला निवारा म्हणजे कोंडवाडा. आणि कोंडवाड्यात साथ शिरली की ती कशी पसरते, हे पिल्लांच्या खोलीत आम्ही पाहिले आहे.

मग उपाय? निर्बीजीकरण आणि दरवर्षी रेबीजची लस. २००१ पासून नियमांत हेच आहे, २०२३ च्या सुधारित नियमांतही हेच आहे. ते नेटाने करायला हवे, आणि त्यासाठी आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांना ओळखणारी माणसे हवीत. कुठल्या कुत्रीचा कान कापून खूण केलेला नाही, म्हणजे तिची शस्त्रक्रिया राहिली आहे, हे पालिकेच्या गाडीला गल्लीतलेच कुणी सांगू शकते. मुलांना शिकवता येते, की खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याच्या वाटेला जायचे नाही, आणि कुत्रा अंगावर आला तर पळत सुटायचे नाही. कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, मिरची, चुना काही लावायचे नाही.

राहता राहिला निवारा. तो ज्यांना दुसरी जागाच नाही, त्यांच्यासाठी राहू द्या. घरातला कुत्रा म्हातारा झाला म्हणून तिथे पाठवू नका. पिल्लू हवेच असेल तर विकत आणण्याआधी तिथे एक चक्कर मारा, आणि आणण्याआधी पुढची बारा-पंधरा वर्षे त्याचे कोण करणार हे जेवणाच्या ताटावर बसून ठरवा.

आणि जमले तर रविवारचे दोन तास द्या. पैसे हवेतच, पण हात त्याहून हवे आहेत. रिकाम्या हाताने येणे बरे वाटत नसेल तर घरातली रद्दी आणा. पिल्लांच्या खोलीत अंथरायला ती रोज लागते. ही पुरवणीही वाचून झाली की त्यातच बांधा. फक्त ती कुणाबरोबर पाठवू नका, स्वतः घेऊन या. आणि पुढच्या रविवारची पुरवणीही तुम्हीच आणा.