शिडी सोडा, लोकल घ्या

बारावीच्या गणितात एक शिडी असते. ती भिंतीला टेकलेली असते, तिचा पाय ठरावीक वेगाने मागे सरकतो आणि वरचे टोक किती वेगाने खाली येते, ते आपण काढायचे असते. कलनशास्त्रातला हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. मुले रीत पाठ करतात, गुण मिळवतात आणि शिडी तिथेच सोडून देतात. पनवेलमध्ये हा धडा शिकवायला शिडीच कशाला हवी? हार्बर मार्गावरची लोकल इथे येऊन संपते. या मार्गावर रूळ ओलांडणारी माणसे कुठे चुकतात, हे त्याच धड्यातल्या गणिताने नेमके सांगता येते.

समजा, लोकल ताशी ७२ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटर, सरळ रुळावरून आपल्याकडे येते आहे. मुंबईच्या लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद असतो. गाडी ४०० मीटरवर असताना डोळ्याला ती साधारण अर्ध्या अंशाची दिसते. पौर्णिमेचा चंद्रही आकाशात एवढाच रुंद दिसतो. आता हा कोन किती वेगाने वाढतो?

कोन लहान असला, की कोन गुणिले अंतर म्हणजे गाडीची रुंदी. रुंदी बदलत नाही. म्हणून अंतर ज्या प्रमाणात घटेल, त्याच प्रमाणात कोन वाढायला हवा. ४०० मीटरवर गाडी सेकंदाला २० मीटर, म्हणजे अंतराचा विसावा भाग कापते. कोनही तेवढाच, पाच टक्क्यांच्या दराने वाढतो. अर्ध्या अंशाचे पाच टक्के! ते डोळ्याला काय जाणवणार? १०० मीटरवर कोन चौपट झालेला असतो आणि वाढीचा दर वीस टक्के. म्हणजे वाढ सोळापट. ५० मीटरवर चौसष्टपट. गाडीचा वेग मात्र सुरुवातीपासून तोच आहे.

याचा अर्थ असा, की गाडी २० सेकंदांवर असताना ती जवळजवळ उभीच वाटते आणि अडीच सेकंद उरलेले असताना अचानक अंगावर येते. ‘गाडी लांब होती, एकदम कशी आली कळलेच नाही,’ असे लोक सांगतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात. त्यात भर म्हणजे मोठ्या वस्तू आपल्याला आहेत त्यापेक्षा संथ वाटतात. हर्शेल लायबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांच्या संदर्भात हा मुद्दा मांडला होता.

या प्रकारच्या गणितात मुले करतात ती सर्वात मोठी चूक म्हणजे अंक आधीच घालणे. अंतराच्या जागी सुरुवातीलाच ४०० लिहिले, की ते स्थिर झाले. मग डेरिव्हेटिव्ह शून्य आणि गाडी कागदावर उभी! नाते आधी लिहायचे, मग बदलाचा दर काढायचा आणि अंक सगळ्यात शेवटी घालायचा. रूळ ओलांडणारा माणूस नेमकी हीच चूक करतो. एकदा मान वळवून बघतो, ते चित्र मनात गोठवतो आणि पाऊल टाकतो.

गंमत अशी, की कोनाला त्याच्या वाढीच्या दराने भागले, तर गाडी पोहोचायला उरलेला वेळ थेट मिळतो. गाडीचा वेग माहीत नसला, अंतर माहीत नसले तरी चालते. जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांच्या ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) या कादंबरीतले शास्त्रज्ञ सूर्याकडे येणाऱ्या ढगाची वेळ अशीच काढतात. पण त्यांच्या हातात छायाचित्रे होती. आपल्या डोळ्याला अंशाच्या चाळिसाव्या भागाची वाढ मोजावी लागते.

यावरचा एक उपाय याच हार्बर मार्गावर, वडाळ्याला, २०१० च्या सुमारास करून पाहिला गेला. ‘फायनल माइल’ या संस्थेच्या सल्ल्याने तिथे काही स्लीपर पिवळे रंगवले. गाडी एकामागून एक पिवळा पट्टा गिळत येते, तेव्हा न जाणवणाऱ्या कोनाऐवजी डोळ्याला मोजता येण्याजोगे काहीतरी मिळते. मला हा उपाय दंडाच्या पाटीपेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो. रूळ ओलांडणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, हे स्थानकांवर सतत ऐकवले जाते. आपला डोळा कसा फसतो, हे मात्र कोणी सांगत नाही. पादचारी पूल आणि कुंपण हवेच. पूल लांब असेल तर लोक रुळांवरूनच जाणार, हेही खरे. त्याची जबाबदारी गणितावर ढकलता येणार नाही.

पण वर्गात शिडीच्या जागी लोकल यायला कुणाच्या मंजुरीची गरज नाही. पाठ्यपुस्तक तेच, रीत तीच, परीक्षाही तीच. शिक्षकांनी फळ्यावर ४०० आणि १०० मीटरचे दोन आकडे मांडून मुलांकडून उत्तर काढून घ्यावे. त्यानंतर एक उपप्रश्न जरूर द्यावा: रात्री डबा दिसत नाही, फक्त पुढचा दिवा दिसतो. तर ३.६६ मीटरच्या जागी दिव्याची रुंदी घाला आणि वाढीचा दर पुन्हा काढा.