नकाशातली रेघ आणि बांधावरचा दगड



रहिमतपूर भागात आल्याची लागण आटोपून माणसे जरा मोकळी झाली, की बांधाची बोलणी निघतात. पूर्वी अशा वेळी तलाठ्याकडे जाऊन गावचा नकाशा बघावा लागे. आता तोच नकाशा मोबाईलच्या पडद्यावर उघडतो. महाभूनकाशा या सरकारी सोयीत जिल्हा सातारा, तालुका कोरेगाव, मग गाव आणि गट नंबर घातला, की आपल्या गटाची आकृती आणि शेजारच्या गटांचे नंबर समोर दिसतात. ही सोय फार चांगली आहे. पण तिच्या पाठोपाठ एक नवे भांडणही घरात शिरले आहे. संध्याकाळी ओसरीवर असा संवाद ऐकू येतो :

“अप्पा, हे बघा. आपली रेघ शेजाऱ्याच्या उसात जातीय.”

“आणखी मोठं कर बाळ. नीट दिसू दे.”

“केलं की. चांगली पाच-सहा सऱ्या आत आहे.”

“मग उद्याच जाऊन सांगतो त्याला!”

अप्पांनी उद्या जाण्याआधी थोडे थांबावे, म्हणून आजचा हा लेख. पडद्यावरचे चित्र कशाचे बनते, ते मोठे केले म्हणजे नेमके काय होते आणि त्यावर किती विसंबावे, एवढे कळले तर पुष्कळ घरांतला खर्च आणि मनस्ताप वाचेल. या विद्येला संगणकीय आलेखन म्हणजे कॉम्प्युटर ग्राफिक्स म्हणतात. नाव मोठे आहे, पण त्यातल्या मूळ गोष्टी आपल्या अंगणातल्याच आहेत.

ठिपक्यांची रांगोळी

भगिनींना हे सांगायला नको. उंबऱ्यापुढे आधी ठिपके मांडायचे, मग त्यांवरून आकृती काढायची. समजा, रेघा काढल्याच नाहीत आणि प्रत्येक ठिपक्यावर वेगळ्या रंगाची चिमूट टाकली. ठिपके पुरेसे दाट असले, तर लांबून पाहणाऱ्याला मोर दिसेल, जवळ गेल्यावर नुसते ठिपके दिसतील. टीव्ही, संगणक आणि मोबाईल यांचा पडदा असाच असतो. त्यातल्या एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आजकालच्या पुष्कळ मोबाईलच्या पडद्यावर आडवे 1080 आणि उभे 2400, म्हणजे जवळजवळ 26 लाख ठिपके असतात.

प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन बारीक दिवे असतात. प्रत्येक दिव्याच्या मंद ते प्रखर अशा 256 पायऱ्या धरल्या, तर तिन्हींच्या मिश्रणातून 1 कोटी 67 लाखांवर रंग होतात. तिन्ही पुरे पेटले की पांढरा, तिन्ही विझले की काळा.

ठिपक्यांनी भरलेल्या चित्राला रास्टर चित्र म्हणतात. आपण काढलेला फोटो, उपग्रहाने घेतलेले चित्र आणि कागदावरून स्कॅन करून घेतलेला जुना नकाशा, ही सगळी रास्टर चित्रे. कागदावरचे चित्र संगणकात घेण्याचा पहिला प्रयोग अमेरिकेत 1957 साली रसेल कर्श यांनी केला. त्यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो घेतला. त्या चित्रात आडवे 176 आणि उभे 176 एवढेच ठिपके होते. तरीही बाळाचा चेहरा ओळखू येतो.

टिपण वहीची रीत

दुसरी रीत मोजणीदाराची. इंदापूर तालुक्यात 1836 सालच्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीन मोजून सारा ठरवण्याची जी पद्धत बसवली, तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. या पद्धतीतली साखळी 33 फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. गुंठ्याचे 1089 चौरस फूट येतात ते इथूनच.

मोजणीदार शेताचे चित्र काढत बसत नसे. या दगडापासून त्या दगडापर्यंत किती साखळ्या, तिथून आडवे किती, एवढे आकडे तो टिपणात लिही. आकडे हाती असले, की नकाशा लहान काढा किंवा मोठा काढा, आकृती तीच येते. संगणकाची दुसरी रीत हुबेहूब अशीच आहे. तो कोपऱ्यांचे आकडे लक्षात ठेवतो आणि दर वेळी रेघा नव्याने ओढतो. याला व्हेक्टर चित्र म्हणतात. 1963 साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड नावाची योजना तयार केली. तीत प्रकाशाच्या लेखणीने थेट पडद्यावर रेघ काढता येई. आज इमारतींचे आराखडे आणि जमिनीचे नकाशे ज्या रीतीने पडद्यावर काढतात, तिची सुरुवात तिथे झाली.

पडदा मात्र ठिपक्यांचाच. त्यामुळे तिरपी रेघ दाखवायची तर कोणते ठिपके पेटवायचे हे संगणकाला ठरवावे लागते. आयबीएम कंपनीतल्या जॅक ब्रेसनहॅम यांनी 1962 साली त्यासाठी एक सोपी गणिती युक्ती बसवली. तिरपी रेघ कधी कधी जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते ती यामुळेच. बांधाला तिथे खरोखर पायऱ्या असतात असे नव्हे.

मोठे केल्याने काय वाढते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन बोटे फाकवून चित्र मोठे करण्याला झूम म्हणतात. ठिपक्यांचे चित्र मोठे केले, की ठिपकेच मोठे होतात. मूळ चित्रात जे आले नाही, ते झूम केल्याने येत नाही. चाळणीतून पडलेले पीठ कितीही पसरले तरी पीठ तेवढेच राहते.

उपग्रहाच्या चित्रात एका ठिपक्यात किती जमीन मावते, हे पाहिले पाहिजे. याला चित्राचे पृथक्करण किंवा रिझोल्यूशन म्हणतात. पिकांच्या पाहणीसाठी जगभर वापरले जाणारे सेंटिनेल-2 नावाचे युरोपचे उपग्रह आहेत. त्यातला पहिला 2015 साली सोडला. त्यांच्या सर्वांत बारीक चित्रात एक ठिपका 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद जमिनीचा असतो. म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठा! 20 गुंठ्यांचे आल्याचे रान त्या चित्रात जेमतेम 20 ठिपक्यांचे. पीक हिरवे आहे की सुकले, एवढे त्यावरून कळते. पण तीन फुटी बांध त्यात कसा दिसणार? एका ठिपक्यात अर्धे आले आणि अर्धा ऊस आला, तर ठिपक्याला दोन्हींचा मिसळलेला रंग येतो. मोबाईलच्या नकाशात दिसणारी काही चित्रे याहून पुष्कळ बारीक असतात, घराचे पत्रे आणि झाडेही दिसतात. पण नियम तोच. ठिपक्याहून बारीक ते चित्रात नाही.

रेघांच्या चित्राचे जरा वेगळे आहे. ते कितीही मोठे केले तरी रेघ बारीक आणि लख्खच दिसते. फसगत होते ती इथेच. रेघ बारीक दिसते म्हणून ती बिनचूक असते असे नाही. ती कुठून आली ते पाहावे. पुष्कळ ठिकाणी जुना कागदी नकाशा आधी स्कॅन केला गेला आणि मग त्यावरच्या रेघा संगणकात गिरवल्या गेल्या.

हिशेब करू. समजा, कागदी नकाशात 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 50 मीटर असे प्रमाण आहे. त्यावर शाईची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली, तर ती जाडी जमिनीवर अडीच मीटर, म्हणजे आठ फूट भरते. नुसत्या शाईखाली आठ फूट रान! बांध 100 मीटर लांब असेल, तर अडीच गुंठ्यांच्या आसपास क्षेत्र त्या रेघेखालीच झाकले गेले. स्कॅन करताना इंचाला 300 ठिपके घेतले, तर एकेक ठिपका जमिनीवर हातभर होतो. शिवाय कागद दमट हवेत पसरतो, उन्हाळ्यात आकसतो, घडीवर झिजतो. मग गिरवणाऱ्याने रेघेच्या या कडेवर टोक ठेवले की त्या कडेवर, हाही प्रश्न उरतो. पडद्यावरच्या त्या केसाएवढ्या रेघेत हे सगळे लपलेले असते.

एकावर एक थर

मोबाईलवर खाली उपग्रहाचे चित्र दिसते आणि वर गटाच्या रेघा दिसतात. हे दोन वेगळे थर आहेत, इंग्रजीत लेयर. एका नकाशावर दुसरा पारदर्शक कागद ठेवावा तसे. ओढे, कालवे, रस्ते, रेल्वे, गावठाण यांचे वेगवेगळे थर करता येतात आणि हवा तो झाकता येतो.

दोन कागद एकावर एक ठेवताना खुणा जुळल्या नाहीत, तर वरचा कागद सरकतो. पडद्यावरही हेच होते. जुन्या नकाशातल्या ठळक जागा आणि त्यांचे पृथ्वीवरचे अक्षांश-रेखांश यांची सांगड घालावी लागते. ती थोडी चुकली, की सगळ्या गावाच्या रेघा एका अंगाला सरकतात. म्हणून आपली रेघ शेजाऱ्याच्या उसात दिसली, तर आधी गावातले आणखी पाच-सहा गट पाहा. ओढा, गाडीवाट, गावठाणाची कड पाहा. सगळ्यांच्याच रेघा पूर्वेला तेवढ्याच सरकलेल्या दिसल्या, तर शेजाऱ्याने काही केलेले नाही. वरचा कागद सरकला आहे एवढेच.

तसेच मोबाईल घेऊन बांधावर उभे राहिले आणि निळा ठिपका पलीकडच्या गटात दिसला, म्हणूनही रागावू नये. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा साध्या मोबाईलने सांगितलेली जागा चार-पाच मीटरने इकडेतिकडे असते. झाडाखाली याहून अधिक चुकते.

मग खरे काय?

मोजणी. नकाशाची छापील प्रत माहितीसाठी असते, हद्द कायम करायची तर भूमि अभिलेख खात्याची मोजणीच लागते. आपल्या भागाला त्यासाठी कोरेगावचे उपअधीक्षकांचे कार्यालय आहे. ई-मोजणीत अर्ज घरबसल्याही भरता येतो. मोजणीची तारीख लगतच्या खातेदारांना नोटिशीने कळवतात, म्हणून त्या दिवशी दोन्ही बाजूंनी हजर राहावे. मोजणीदार मूळ टिपण आणि नकाशा यांच्या आधारे हद्दीच्या खुणा दाखवतो. मग मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ती जपून ठेवावी. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागण्याची वाट आहे.

साखळी आणि फलकयंत्र यांच्या जागी आता रोव्हर नावाचे यंत्र आले आहे. उपग्रहांचे संदेश आणि जमिनीवरच्या कायम केंद्रांकडून मिळणारी दुरुस्ती यांच्या बळावर ते काही सेंटिमीटरच्या आत जागा सांगते. गावठाणातल्या घरजागांसाठी 24 एप्रिल 2020 रोजी स्वामित्व योजना सुरू झाली. तीत ड्रोनने वरून चित्रे घेतात. पण ड्रोन उडण्याआधी गावात चुन्याने प्रत्येकाची हद्द आखून घेतात. चित्राला जागेची कड कळत नाही, ती माणसांनीच दाखवावी लागते, हे यंत्रवाल्यांनाही ठाऊक आहे.

एवढे लक्षात ठेवावे :

1. पडद्यावरचा नकाशा पाहून गट कुठे, शेजारी कोण, वाट कुठून, हे जाणून घ्यावे. त्यासाठी तो उत्तम आहे.

2. पाच-पंचवीस फुटांचा फरक दिसला तर आधी आजूबाजूचे गट आणि ओढा पाहावा.

3. फोनवरच्या रेघेवरून बांध कोरू नये, दगड हलवू नये, झाड तोडू नये.

4. शंका राहिलीच, तर शेजाऱ्याला बरोबर घेऊन मोजणीचा अर्ज करावा. दोघांनी खर्च वाटून घेतला तर अधिक बरे.

5. बांधावरचे जुने दगड, बांधाची झाडे आणि घरातले जुने मोजणीचे कागद जपावेत. मोजणीच्या दिवशी त्यांचा उपयोग होतो.

घरातल्या शिकत्या मुला-मुलींनी हा लेख वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा. नकाशा उघडून देणारी बोटे त्यांचीच असतात. नकाशा मोठा करून दाखवताना, मोठे केल्याने रेघ खरी होत नाही, एवढे त्यांनी आजोबांना सांगितले, तरी एखादा बांध जागच्या जागी राहील आणि दोन घरांतले हळदीकुंकू चालू राहील.

पुढच्या आठवड्यात रोगट पानाचा फोटो कसा काढावा म्हणजे कृषी अधिकाऱ्याला लांबूनही रोग ओळखता येईल, ते पाहू.