अद्भुतकथेचा पुरस्कार : सन्मान की सीमांकन?

वाङ्मयीन पुरस्कार हा केवळ गौरव नसतो. तो एक मूल्यनिर्णय असतो आणि त्यात वाङ्मयप्रकाराची एक व्याख्याही गृहीत धरलेली असते. १९७५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला ‘वर्ल्ड फँटसी ॲवॉर्ड’ या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो.

पॅट्रिशिया मॅकिलिप यांच्या कादंबरीपासून सुरू झालेल्या या परंपरेत १९८७ मध्ये पाट्रिक झ्यूस्किंड यांची ‘परफ्यूम’ आणि २००६ मध्ये हारुकी मुराकामी यांची ‘काफ्का ऑन द शोअर’ या अनुवादित कादंबऱ्याही सन्मानित झाल्या. येथे व्याख्या विस्तारते. उलट १९९१ मध्ये नील गेमन व चार्ल्स व्हेस यांच्या चित्रकथेला लघुकथेचा पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर चित्रकथेचे स्थान ‘विशेष पुरस्कारा’च्या विभागातच असल्याचे स्पष्ट करण्यात आले. येथे तीच व्याख्या आक्रसते.

सन्मानचिन्हाचा प्रश्न याहून मूलगामी आहे. हे चिन्ह म्हणजे भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट यांचा अर्धपुतळा. २०११ च्या विजेत्या, नायजेरियन वंशाच्या अमेरिकन लेखिका नेडी ओकोराफोर यांनी लव्हक्राफ्टच्या वंशद्वेषी लेखनाकडे लक्ष वेधून आपली अस्वस्थता जाहीरपणे मांडली. २०१५ नंतर तो पुतळा बाद झाला. २०१७ मध्ये वृक्ष आणि चंद्र यांचे नवे शिल्प स्वीकारले गेले. एका लेखकाचा चेहरा संपूर्ण प्रकाराचा चेहरा ठरू शकत नाही, हे मान्य होण्यास चार दशके लागली.

मराठीपुरते पाहता, भरतमुनींपासून ‘अद्भुत’ हा रस आहे, वाङ्मयाचा वेगळा कप्पा नव्हे. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘काजळमाया’ला १९७३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला, तो कथासंग्रह म्हणूनच, पुढे त्यांनी तो परत केला, ही बाब वेगळी. परंतु विज्ञानकथेला मराठीत प्रतिष्ठा मिळवून देणारे जयंत नारळीकर यांना अकादमीने २०१४ मध्ये गौरविले ते आत्मचरित्रासाठी. सर्वसाधारण पुरस्काराचे दार उघडे असले, तरी वास्तवेतर कथनासाठी ते सहजी उघडतेच असे नाही.

तेव्हा स्वतंत्र पुरस्काराची मागणी अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र आधी निकष हवेत : विस्मय हा कथेच्या अर्थाचा घटक आहे की निव्वळ अलंकरण, हे ठरविणारे. ते घडविण्याची जबाबदारी परीक्षक मंडळांची नव्हे, समीक्षेची आहे. आणि ती अद्याप पार पडलेली नाही.