रिपोर्टमधली गाठ आणि मनातली भीती

तंजावर जिल्ह्यातलं पापनाशम असो की बीड जिल्ह्यातली परळी, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘नाबोथियन सिस्ट’ हे शब्द दिसले की झोप उडते. सिस्ट म्हणजे गाठ आणि गाठ म्हणजे कॅन्सर, असं आपणच ठरवून टाकतो.

ही गाठ असते तरी काय? गर्भाशयाच्या मुखाशी चिकट स्राव तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. बाळंतपणानंतर किंवा सूज बरी होताना त्यांच्या तोंडावर नवं आवरण चढतं. स्राव आतच साठतो आणि छोटासा फुगा तयार होतो. १७०७ मध्ये मार्टिन नाबोथ या जर्मन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. त्यांना ती स्त्रीबीजं वाटली होती! हा फुगा म्हणजे कॅन्सर नव्हे. त्रास नसेल तर औषधही लागत नाही. फारच मोठा झाला, तरच डॉक्टर तो रिकामा करतात.

मग भीती कशाची? चुकीच्या निर्णयाची. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीडच्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पोटदुखी किंवा अंगावरून पांढरं जाणं यासाठी गेलेल्या अनेकींना कॅन्सरची भीती घातली गेली होती. म्हणून कुणी ‘पिशवी काढा’ म्हटलं, तर आधी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्या.

पण ‘साधी गाठ आहे’ म्हणून तपासणी टाळू नका. तमिळनाडूतल्याच दिंडिगुल जिल्ह्यात प्रशिक्षित नर्सनी ३० ते ५९ वयाच्या महिलांची व्हिनेगरसारखं द्रावण लावून साधी तपासणी केली. ज्या गावांत ती झाली, तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. तिशीनंतर ही तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या.

हे मात्र अंगावर काढू नका:
• संबंधानंतर रक्त जाणं
• दोन पाळ्यांच्या मधे किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव
• दुर्गंधी येणारा स्राव
• ओटीपोटात सतत दुखणं

आई, सासूबाई, जाऊबाई, कुणाचाही रिपोर्ट घरात आला, तर तो कपाटात ठेवू नका. सोबत जाऊन डॉक्टरांना दाखवा.