दुखापतीतल्या मुलींना आधी बरं होऊ द्या : खडकीतून तातडीचं आवाहन

खडकी, बोपोडी, दापोडी, पिंपरी आणि एकूणच पुणे परिसरातल्या हॉकीप्रेमींनो,

आमच्या ज्युनियर मुलींच्या संघाला मदत हवी आहे आणि ती याच आठवड्यात हवी आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो.

कागदावर आमचा संघ अठरा जणींचा आहे. प्रत्यक्षात धडधाकट आहेत त्या अकराच. मधल्या फळीतल्या एकीच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आहे. दोघींचे घोटे मुरगळले आहेत, एकीच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला आहे, एकीची कंबर धरली आहे, एकीच्या डोक्याला चेंडू लागला आहे. गोलकीपरच्या अंगठ्याला स्प्लिंट आहे. तिच्या जागी उभी राहणारी मुलगी गेल्या सामन्यापर्यंत फुलबॅक होती. गोलकीपरचे किकर तिच्या पायाला मोठे होतात, म्हणून दर क्वार्टरआधी ते सुतळीने आवळून बांधावे लागतात. साखळी सामने संपत आले आहेत आणि बाद फेरी तोंडावर आहे.

हे असं का झालं, तेही सांगतो. पावसाळा सरत नाही तोच शालेय स्पर्धा सुरू होतात : जिल्हा, विभाग, राज्य. त्यातच क्लबच्या स्पर्धा येतात आणि निवड चाचण्याही. चांगली खेळणारी मुलगी एकाच हंगामात शाळेकडून, क्लबकडून आणि जिल्ह्याकडून खेळते. तिला विश्रांती द्यायचं कुणाच्याच वेळापत्रकात नसतं. सराव मुरमाच्या मैदानावर होतो आणि सामने टर्फवर. मुरमावर पाय थोडा घसरतो, टर्फवर बूट घट्ट धरला जातो. वेगात वळताना पाय जागेवर राहतो आणि गुडघा पिळवटतो. टर्फवर पुरेसं पाणी मारलेलं नसेल तर पडल्यावर कोपरा-गुडघ्याची कातडी सोलून निघते. हॉकीचा चेंडू टणक, 156 ते 163 ग्रॅम वजनाचा. तो बोटांवर, नडगीवर किंवा जबड्यावर बसला तर काय होतं, हे खडकीकरांना मी सांगायला नको.

पण मला जास्त काळजी वाटते ती मुली दुखणं लपवतात याची. परवा वॉर्म-अपमध्ये एक मुलगी उजवा पाय वाचवत पळत होती. विचारलं तर म्हणाली, "काही नाही सर, चमक भरलीय फक्त." मोजा खाली करायला लावला, तर घोटा टम्म सुजलेला. घरून निघतानाच तिने त्यावर दोन मोजे चढवले होते. तिला रागवावं असं मला वाटलं नाही. तिला दहावीला खेळाचे सवलतीचे गुण हवे आहेत. पुढेमागे सरकारी नोकरीतल्या खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणातून किंवा रेल्वेच्या भरतीतून आयुष्य मार्गी लागेल, अशी तिच्या घरच्यांना आशा आहे. वयोगटाची अट कुणासाठी थांबत नाही. एक हंगाम गेला की ती संधी गेली, हा तिचा हिशोब चुकीचा नाही.

म्हणूनच हा निर्णय तिच्यावर सोडता येत नाही. आम्ही ठरवलं आहे : डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय दुखापतीतली एकही मुलगी मैदानात उतरणार नाही, मग समोर उपांत्य सामना असो की अंतिम. वेळ आली तर दहा जणी खेळवू. पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि भारताने दोन तृतीयांशाहून जास्त वेळ दहा जणांनिशी खेळून ग्रेट ब्रिटनला 1-1 असं रोखलं, शूटआउटमध्ये 4-2 असं हरवलं. त्या दिवशी गोलमध्ये उभा होता पी. आर. श्रीजेश. त्याच श्रीजेशचा गुडघा 2017च्या अझलन शाह स्पर्धेत दुखावला होता आणि तो कित्येक महिने खेळाबाहेर होता. तो नीट बरा होऊन परतला, म्हणून टोकियो आणि पॅरिस अशी दोन कांस्यपदकं त्याच्या गळ्यात पडली. आमच्या मुलींनाही तेवढाच वेळ मिळायला हवा.

त्यासाठी कुणाची कोणती मदत लागेल, ते सांगतो.

फिजिओथेरपिस्ट आणि अस्थिरोगतज्ज्ञांनो, आठवड्यातली एक संध्याकाळ आम्हाला द्या. लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला किमान नऊ महिने लागतात आणि त्यातला बराचसा काळ व्यायामाचा असतो. शस्त्रक्रियेसाठी लोक उसनंपासनं करून पैसे उभे करतात, पण पुढचे व्यायाम पैशांअभावी आणि वेळेअभावी अर्धवट राहतात. गुडघा पुन्हा जातो तो तिथेच.

माजी खेळाडूंनो, चार ऑलिंपिक खेळलेला धनराज पिल्ले याच खडकीच्या मातीतला. या गावात हॉकी स्टिक ओळखीची नाही असं घर शोधावं लागेल. सरावाच्या आधी वीस मिनिटं या. उडी मारून नीट कसं उतरायचं, वळताना गुडघा कसा सांभाळायचा, एका पायावर तोल कसा धरायचा, हे वॉर्म-अपमध्ये रोज घोटून घेतलं तर दुखापती कमी होतात. आमच्या हंगामी गोलकीपरला शिकवणारं कुणी मिळालं तर फारच बरं होईल.

साहित्य देऊ इच्छिणाऱ्यांनो, आम्हाला लहान मापाचे किकर आणि लेगगार्ड, शिनगार्ड, माउथगार्ड, डाव्या हाताचे ग्लोव्ह्ज आणि पेनल्टी कॉर्नर अडवताना लावायचे फेसमास्क हवे आहेत. वापरलेलं चालेल, पण तडा गेलेलं हेल्मेट देऊ नका. पैशांची मदत करायची असेल तर रोख आमच्या हाती नको. एखाद्या मुलीचं एमआरआयचं किंवा औषधांचं बिल थेट भरा आणि पावती तिच्या घरी द्या.

स्पर्धा भरवणाऱ्यांनो, एका संघाला एका दिवसात दोन सामने लावू नका. मैदानाशेजारी बर्फ, प्रथमोपचाराची पेटी आणि रुग्णालयात नेणारं वाहन सामना सुरू होण्याआधी हजर ठेवा. आज आमचा बर्फ मैदानाबाहेरचा रसवंतीवाला फडक्यात बांधून देतो. तो बिचारा पैसेही घेत नाही, पण स्पर्धेची व्यवस्था त्याच्या भरवशावर चालू नये.

आणि पालकहो, तुमची गरज सगळ्यांत जास्त आहे. पाय मुरगळला की पहिल्याच दिवशी तेल लावून चोळू नका, शेकू नका, कुणाकडून ओढून घेऊ नका. आंबेहळदीचा लेप लावा हवा तर, पण आधी बर्फ, विश्रांती आणि डॉक्टर. डोक्याला मार लागल्यावर डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं, गोंधळल्यासारखं वागणं यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी पुन्हा खेळ नाही. उलट्या होऊ लागल्या किंवा झापड येऊ लागली तर तडक रुग्णालय गाठा. पक्का दात पडला तर मुळाला हात लावू नका, घासू नका, दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा. मुलगी लंगडत घरी आली तर आम्हाला कळवा. त्यामुळे तिची संघातली जागा जाणार नाही, हा आमचा शब्द आहे.

एखादा चषक हुकला तर पुढच्या वर्षी तो पुन्हा जिंकता येतो. सोळाव्या वर्षी कायमचा अधू झालेला गुडघा मात्र तिला जन्मभर पुरतो.

आमचा सराव रोज संध्याकाळी असतो. पुढचा सामना येत्या रविवारी आहे. जे देता येईल ते घेऊन त्याआधी मैदानावर या.

— ज्युनियर मुलींच्या संघाचा प्रशिक्षक, खडकी