लेकरू कागदावरून बोलायला शिकत नाही

"यंत्र भाषा शिकतं तसंच लेकरूही शिकतं. दोघंही पुढचा शब्द ओळखतात, चुकतात, सुधारतात. मग अंगणवाडीत ताईऐवजी फोन बोलला तर बिघडलं कुठं?" जालन्यात एका विद्वानांनी हे छातीठोकपणे सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

त्यातलं खरं तेवढं आधी मान्य करतो. आठ महिन्यांची बाळं दोन मिनिटं बनावट भाषा ऐकून कुठल्या आवाजामागून कुठला येतो हे हेरतात, हे १९९६ साली सिद्ध झालं. 'मेला'ऐवजी 'मरला' म्हणणारं लेकरू नियमच लावतं. १९८६ सालच्या एका न्यूरल नेटवर्कनंही इंग्रजी क्रियापदांत तशाच चुका केल्या. पण साम्य इथंच संपतं. जीपीटी-३ या भाषा शिकलेल्या यंत्राला सुमारे ३०,००० कोटी शब्दखंड चारावे लागले. तेरा वर्षांचं पोर दहा कोटींच्या आतच शब्द ऐकतं, असा अंदाज आहे.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. यंत्र मुख्यतः लिहिलेलं खातं. मंठा-परतूरकडच्या बंजारा तांड्यावरचं लेकरू घरात गोरमाटी बोलीत 'याडी' म्हणतं, 'बाटी' मागतं. शाळेत त्याचीच 'आई' आणि 'भाकरी' होते. दिवाळीनंतर कोयता निघाला की ते उसाच्या फडात जातं, तिथं आणखी चार गावांची बोली त्याच्या कानावर पडते. त्याची गोरमाटी छापलेली किती सापडेल? तरी ते ती बिनचूक बोलतं, कारण समोरचं माणूस त्याच्याकडं बघून उत्तर देतं. भूक लागली म्हणून ते शब्द धरतं आणि भाकरी मिळाली की तो शब्द त्याचा होतो. भाकरी मागण्याची गरजच यंत्राला नाही. म्हणून लिहिणाऱ्यांची भाषा यंत्राला येते, न लिहिणाऱ्यांची वगळली जाते. आणि हे विद्वान त्या वगळण्यालाच 'शिकणं' म्हणतात!

टीव्ही लावला की पोरं शुद्ध बोलतील, असंही पूर्वी सांगितलं जायचं. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली अमेरिकी बाळांना चिनी ऐकवली. समोर माणूस होतं तिथं बाळांनी त्या भाषेतले ध्वनी ओळखले. पडद्यावरून मात्र काहीच उचललं नाही. तो वाद तिथंच मिटायला हवा होता.

म्हणून मागणी साधी आहे. तांड्यावरच्या अंगणवाडीत गोरमाटी जाणणारी ताई हवी. म्हाताऱ्यांचं बोलणं त्यांच्या संमतीनं ध्वनिमुद्रित व्हावं. यंत्रानं मग तेही खुशाल शिकावं. पण लेकराला उत्तर माणसानंच द्यावं.