'ताठ बस' म्हटल्याने कुणी ताठ होत नाही

'पोक काढू नकोस, ताठ बस!' हे वाक्य आपल्या शाळांत रोज ऐकू येते आणि रोज वाया जाते. मूल छाती पुढे काढते, कंबर आत ओढते, श्वास रोखते आणि दोन मिनिटांत पुन्हा वाकते. यात मुलाचा दोष नाही. शरीर कसे वापरावे हे हुकमाने येत नाही, ते एकेकाला समोर घेऊन शिकवावे लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्रेडरिक मॅथियस अलेक्झांडर यांची हकिकत आम्हा शिक्षकांना जवळची वाटेल. १८६९ मध्ये टास्मानियात जन्मलेला हा माणूस रंगमंचावर नाट्यउतारे म्हणून दाखवी. त्याचा आवाज बसू लागला. औषध आणि विश्रांतीने तेवढ्यापुरते बरे वाटे. मग आरशासमोर उभे राहून त्याने स्वतःला न्याहाळले. बोलायला लागताच आपण डोके मागे खेचतो, गळा दाबतो आणि धाप लागल्यासारखा श्वास घेतो, हे त्याला दिसले. यातून निघालेली पद्धत पुढे त्याने लंडनमध्ये शिकवली. तिच्यात कसरत नसते. शिक्षक मानेला, पाठीला हलका हात लावतो, खुर्चीतून उठायला-बसायला सांगतो आणि कुठे उगाच ताण धरला आहे ते दाखवतो. नवीन काही करण्याआधी जुने सोडायला शिकायचे असते.

२००८ साली ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जुनी पाठदुखी असलेले ५७९ रुग्ण होते. वर्षभरानंतर नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांची पाठ चार आठवड्यांतले साधारण २१ दिवस दुखत होती. सहा धडे घेतलेल्यांची ११ दिवस, तर २४ धडे घेतलेल्यांची फक्त तीन दिवस.

एकेकाला शिकवण्याची रीत आपल्याला परकी नाही. मकतबमध्ये प्रत्येक मूल आपला सबक घेऊन उस्तादांसमोर बसते. 'ऐन' आणि 'हम्जा' यांतला फरक सगळ्या वर्गाला एकदम ओरडून सांगून येत नाही. उस्ताद एकेकाचे ऐकतात, तोंडाकडे बघतात, तिथल्या तिथे दुरुस्त करतात. नमाजमध्येही रुकूत पाठ सपाट असावी, रुकूनंतर पूर्ण सरळ उभे राहावे, प्रत्येक स्थितीत शरीर स्थिरावू द्यावे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते मुलाजवळ उभे राहून, हात लावून दाखवतो किती जण?

मुलींच्या बाबतीत हे जास्त बोचते. बारा-तेराव्या वर्षी मुलगी खांदे पुढे घेऊन, छाती झाकून चालू लागते आणि घरात तिला 'शरीफ' म्हणतात. हया डोळ्यांत आणि वागण्यात असते. त्यासाठी मणक्याने वाकायची गरज नाही. याच मुली पुढे चुलीपुढे, शिलाई मशीनवर, विड्या वळताना तासन्‌तास वाकून बसतात आणि चाळिशीत कंबर धरतात. तेव्हा आपण 'वय झाले' म्हणून मोकळे होतो.

तालुक्याच्या गावी अलेक्झांडरचे धडे मिळणे कठीण, आणि खर्च प्रत्येकाला झेपणाराही नाही. पण फिजिओथेरपिस्ट आता बऱ्याच गावांत आहेत. अंजुमनच्या शाळांनी वर्षातून दोनदा एखाद्या फिजिओथेरपिस्ट बाईंना बोलवावे. भाषण नको. प्रत्येक मुलीला, प्रत्येक शिक्षिकेला दहा मिनिटे द्यावीत: तुम्ही कशा बसता, दप्तर कसे उचलता, फळ्यावर लिहिताना मान कुठे जाते. मोहल्ल्यातल्या शिलाई वर्गातही हेच करता येईल. हातपाय बधिर होत असतील किंवा जोर कमी झाला असेल, तर मात्र आधी डॉक्टर.

जलसा आणि सत्कारांवर आपण किती खर्च करतो ते सर्वांना ठाऊक आहे. त्यातला थोडा वाटा या दहा मिनिटांसाठी काढायला कोणाची हरकत असू नये.